अडला हरी आणि आईस हॉकी

माझ्याकडे एक निळी जर्सी आहे. गुडघ्यापर्यंत येते, छातीवर तेलाचा थेंब, पाठीवर ‘हॉल’ आणि त्याखाली ४ हा आकडा. होस्टेलवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती घालून मेसमध्ये गेले, तर एका सीनियर ताईने अगदी सिरियसली विचारलं, "हॉल नंबर चार कुठे आलाय गं?" तेव्हापासून मी ‘हॉल नंबर चार’. नाव पडलं ते पडलंच! यंदा मराठी विभागाच्या संपादकांनी "कॉन्व्हेंटवाल्यांनीही कधीतरी लिहावं" असा टोमणा मारला, तेव्हा ठरवलं की या जर्सीचीच गोष्ट लिहायची. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघून घ्यावं, मतं मात्र माझी आहेत.

हॉल म्हणजे टेलर हॉल, आईस हॉकीचा खेळाडू. आमच्या शाळेत सिस्टर स्वतः स्टिक घेऊन ग्राऊंडवर उतरायच्या, ती आपली हॉकी वेगळी. ही बर्फावरची. पायात स्केट्स, आणि बॉलऐवजी ‘पक’ नावाची रबराची चकती. माझा मामेभाऊ कॅनडात एडमंटनला असतो. तिथल्या ‘ऑइलर्स’ संघाचा तो इतका वेडा आहे, की २०१५ च्या दिवाळीला भारतात आला तो माझ्यासाठी चॉकलेटं नाही, हॉलची जर्सी घेऊन. मी दहा वर्षांची. आईने आधीच फोनवर बजावलं होतं, "आणणार असशील तर वाढत्या अंगाची आण." त्याने जरा जास्तच मनावर घेतलं.

मग आला जून २०१६. भल्या पहाटे दादाचा फोन. त्याचा रडवेला आवाज ऐकून आईला वाटलं, कुणाचं तरी काहीतरी झालं. दादा म्हणाला, "आत्या, हॉलला दिला!" ऑइलर्सच्या जनरल मॅनेजरने टेलर हॉल न्यू जर्सीच्या संघाला देऊन बदल्यात अ‍ॅडम लार्सन नावाचा डिफेन्समन घेतला होता. एकास एक. माझी जर्सी अजून अंगाला यायची होती, आणि हॉल संघातून गेलासुद्धा!

त्या एका सौद्यामुळे मी या विषयात शिरले ती अजून बाहेर आलेली नाही. जनरल मॅनेजरचा निर्णय चांगला की वाईट हे ठरवायचं कसं, यावर दादाशी माझं आजही भांडण होतं. माझं म्हणणं असं, की नव्वद टक्के लोक चुकीच्या पद्धतीने ठरवतात. दादासकट.

आधी थोडं बेसिक. कॅनडा-अमेरिकेत मिळून नॅशनल हॉकी लीग चालते, सध्या ३२ संघ आहेत. प्रत्येक संघाला कोच असतो आणि त्याच्या वर जनरल मॅनेजर, म्हणजे जीएम. कोच स्वयंपाक करतो आणि जीएम बाजारहाट करतो असं समजा. फुटबॉलमध्ये क्लब खेळाडूला पैसे मोजून विकत घेतात, इथे मुख्यतः अदलाबदल चालते, त्याला ट्रेड म्हणतात. तुमचा खेळाडू द्या, आमचा घ्या, नाहीतर पुढच्या ड्राफ्टमधला आमचा नंबर घ्या. ड्राफ्ट म्हणजे अठरा वर्षांच्या आसपासच्या नव्या पोरांची निवड, त्यात कमकुवत संघांना साधारणपणे आधी संधी मिळते. शिवाय करार संपलेल्या खेळाडूंना १ जुलैपासून कुणीही घेऊ शकतो. तो त्यांचा मोठा बाजाराचा दिवस.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, सॅलरी कॅप. मालक आणि खेळाडूंच्या भांडणात २००४-०५ चा अख्खा सीझन रद्द झाला, आणि त्यानंतर २००५ पासून प्रत्येक संघाच्या पगाराच्या बिलावर मर्यादा आली. २०१६-१७ मध्ये ती ७ कोटी ३० लाख डॉलर होती. मालक कितीही श्रीमंत असो, त्याच्या पुढे जाता येत नाही. त्यामुळे एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होणारच. म्हणून कुठलाही सौदा एकटा बघायचा नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या गोष्टीतला जीएम, पीटर शियारेली. माणूस अडाणी अजिबात नव्हे. हार्वर्डच्या हॉकी टीमचा कॅप्टन, नंतर वकील, मग खेळाडूंचा एजंट. २००६ ते २०१५ तो बॉस्टनचा जीएम होता. २०११ मध्ये बॉस्टनने स्टॅनले कप जिंकला, २०१३ मध्ये पुन्हा फायनल गाठली. २०१५ ला तिथून काढला गेला आणि काही दिवसांतच एडमंटनने त्याला नेमलं. २२ जानेवारी २०१९ ला तिथूनही हकालपट्टी झाली. आज एडमंटनमध्ये त्याचं नाव काढा, लोक पाठोपाठ यादी म्हणून दाखवतात. हॉल दिला, हॉल पुढे २०१७-१८ मध्ये ९३ पॉइंट्स काढून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१५ च्या ड्राफ्टमधले १६ वा आणि ३३ वा असे दोन नंबर देऊन ग्रिफिन राइनहार्ट घेतला, १६ व्या नंबरावर न्यूयॉर्क आयलंडर्सनी मॅथ्यू बार्झल निवडला आणि तो २०१८ मध्ये सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. बॉस्टनमध्ये असताना एकवीस वर्षांचा टायलर सेगिन डॅलसला दिला, त्याने पुढच्याच सीझनमध्ये ८४ पॉइंट्स काढले.

यादी खरी आहे. पण माझा आक्षेप यादीच्या पद्धतीवर आहे. यातलं प्रत्येक वाक्य ‘पुढे’ या शब्दावर उभं आहे. पुढे असं झालं, म्हणून तेव्हाचा निर्णय वाईट. आपल्याकडे ‘बैल गेला नि झोपा केला’ म्हणतात, इथे तर बैल गेल्यावर लोक गोठ्याचं ऑडिट करतात.

म्हणजे बघा. हॉल गेल्यानंतरच्या पहिल्याच सीझनमध्ये, २०१६-१७ ला, ऑइलर्सनी १०३ पॉइंट्स मिळवले आणि २००६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेले. लार्सनने डिफेन्स खरोखर सावरला. तेव्हा हेच लोक म्हणत होते, शियारेली बरोबर होता. एका वर्षाने हॉलला पुरस्कार मिळाला आणि तेच लोक म्हणाले, शियारेली मूर्ख होता. अहो, सौदा तोच, तारीख तीच, २९ जून २०१६! बदलला तो फक्त निकाल. सेगिनचंही तसंच. सेगिन गेल्यावरच्या सीझनमध्ये बॉस्टन लीगमध्ये सगळ्यात जास्त, ११७ पॉइंट्स घेऊन पहिलं आलं. मग तो ट्रेड चांगला म्हणायचा का? निकालावरून ठरवायचं तर मत दर एप्रिलमध्ये बदलावं लागेल.

बार्झलचं उदाहरण तर मला फारच आवडतं. त्या ड्राफ्टमध्ये १३, १४ आणि १५ हे तिन्ही नंबर एकाच संघाकडे होते, आणि त्या संघाने तिन्ही वेळा बार्झलला सोडलं. संघ कोणता? बॉस्टन! शियारेलीला नुकताच काढून टाकलेला. म्हणजे ‘त्याने बार्झल घालवला’ हे म्हणणं सोपं आहे, पण त्या दिवशी बार्झल पुढे कोण होणार हे इतर हुशार लोकांनाही दिसलं नव्हतं. एडमंटनने तो नंबर ठेवला असता तर त्यांनी त्यालाच घेतलं असतं कशावरून?

श्रेयाचंही तेच. बॉस्टनच्या त्या कपच्या संघाचा कॅप्टन होता झ्डेनो चारा (खरंच आडनाव चारा आहे, हसू नका). त्याला घेतलं १ जुलै २००६ ला. शियारेलीची नेमणूक तेव्हा जाहीर झाली होती, पण ऑटवाच्या नोकरीतून तो मोकळा झाला नव्हता. खुर्चीवर हंगामी जीएम होता जेफ गॉर्टन. त्याच उन्हाळ्यात ड्राफ्टमध्ये मिळालेले ब्रॅड मार्शंड आणि मिलान लूचिच, टोरांटोकडून आणलेला गोलकीपर टूका रास्क, हे सगळं गॉर्टनच्या काळातलं. उलट एडमंटनला २०१५ मध्ये पहिला नंबर लॉटरीत लागला आणि कॉनर मॅकडेव्हिड मिळाला, ती लॉटरी शियारेली येण्याच्या सहा दिवस आधीची. तेव्हा निवाडा करण्याआधी कागदावर सही कुणाची आहे ते तरी बघा.

मग काय, शियारेली निर्दोष? नाही! माझ्या मते तो वाईटच जीएम ठरला, पण वेगळ्या कारणासाठी. ते कारण मला आईस हॉकी बघून नाही, आपल्या मेसमध्ये कळलं.

गेल्या वर्षी मी मेस सेक्रेटरी होते. जानेवारीत डाळीवरून राडा झाला ते जुन्या मुलींना आठवत असेल. जनरल बॉडीची मीटिंग भरली, सगळ्या चिडलेल्या, मीही चिडलेली. रेक्टर मॅडम म्हणत होत्या, "टर्म संपेपर्यंत थांबा, तोवर चार ठिकाणची कोटेशन्स मागवू." आम्ही ऐकलं नाही. आठवड्यात कंत्राटदार बदलला. नवा माणूस आला, त्याला पक्कं ठाऊक होतं की सव्वादोनशे मुली आहेत, स्वयंपाकघर बंद आहे आणि यांच्याकडे दुसरं कुणी नाही. त्याने रेट वाढवून सांगितला, मी सही केली. पहिले दोन आठवडे जेवण झकास! मला कॉरिडॉरमध्ये टाळ्या मिळाल्या. मार्चमध्ये पनीर गायब, पोळ्या मोजून, आणि रेट मात्र तोच. मग त्याच कॉरिडॉरमध्ये शिव्या. खरं सांगते, टाळ्याही चुकीच्या होत्या आणि शिव्याही. माझी चूक मार्चमध्ये झालीच नव्हती, ती जानेवारीत झाली होती. उपाशीपोटी सौदा करायला बसले ही ती चूक. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

आता हॉलचा सौदा पुन्हा बघा, पण फक्त त्या दिवशी जे माहीत होतं तेवढंच घेऊन. हॉल चोवीस वर्षांचा, लीगमधल्या उत्तम लेफ्ट विंगर्सपैकी एक, आधीच्या सीझनमध्ये ६५ पॉइंट्स. वर्षाला ६० लाख डॉलरमध्ये आणखी चार वर्षं बांधलेला. लार्सन प्रामाणिक, भक्कम, पण त्याच सीझनमध्ये १८ पॉइंट्स. डिफेन्समनचं काम गोल मारणं नसतं हे मान्य, तरी स्टार म्हणावा असा नव्हता. एडमंटनला उजव्या हाताच्या डिफेन्समनची गरज आहे, हे अख्ख्या लीगला माहीत होतं. समोरच्यालाही माहीत होतं. गरज खरी होती, पण मोजलेली किंमत गरजेची होती, मालाची नव्हती. हे सांगायला हॉलच्या पुरस्काराची गरज नाही, त्याच दिवशी सांगता येत होतं. पुष्कळांनी सांगितलंही.

आणि पुढे दोनच दिवसांनी, १ जुलैला, हॉलचे जे ६० लाख मोकळे झाले तेवढेच बरोबर लूचिचला दिले. सात वर्षं, एकूण ४ कोटी २० लाख डॉलर. लूचिच धिप्पाड, मारामारीला दणकट, बॉस्टनच्या कपच्या संघातला, साहेबांचा जुना ओळखीचा. पण वय अठ्ठावीस. म्हणजे पस्तिशीपर्यंतचे पैसे आजच कबूल. त्याने पहिल्या वर्षी ५० पॉइंट्स काढले, मग ३४, मग २०. शरीराच्या जोरावर खेळणारा माणूस तिशीनंतर मंदावणार, हे कळायला भविष्य बघावं लागत नाही. कॅपच्या दृष्टीने बघितलं तर खरा सौदा ‘हॉल दिला, लार्सन आणि लूचिच घेतले’ असा झाला. म्हणून म्हटलं, एकटा सौदा बघायचा नसतो.

राइनहार्टचंही तेच. बार्झल विसरा. पण मोठ्या लीगमध्ये त्याच्या नावावर तेव्हा फक्त ८ सामने होते, आणि त्याच्यासाठी वरचे दोन नंबर दिले. तो ज्युनियर हॉकी एडमंटनमध्येच खेळला होता, सगळ्यांच्या डोळ्यासमोरचा पोरगा. ओळखीचा माल आपल्याला नेहमीच जरा जास्त चांगला वाटतो. सेगिनच्या वेळी त्याच्या शिस्तीबद्दलची नाराजी लपून राहिली नव्हती. विकणाराच आपल्या मालाला नावं ठेवतोय असं दिसल्यावर गिऱ्हाईक भाव पाडणार नाही तर काय? २०१७ मध्ये जॉर्डन एबर्लीचा प्लेऑफ वाईट गेला, तर भाव उतरलेला असतानाच त्याला रायन स्ट्रोमच्या बदल्यात देऊन टाकलं. पुढे स्ट्रोमची सुरुवात वाईट झाली, तर नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यालाही रायन स्पूनरसाठी दिलं. स्पूनर २५ सामने खेळला आणि तोही गेला. एबर्लीचा स्ट्रोम, स्ट्रोमचा स्पूनर, आणि स्पूनरचा चमचाभरही उपयोग नाही!

एक वाईट सौदा कुणाच्याही हातून होतो. पण भाव पडल्यावर विकणं आणि भूक लागल्यावर विकत घेणं, हे पाच-सहा वर्षांत इतक्या वेळा झालं तर त्याला नशीब म्हणत नाहीत, सवय म्हणतात. लॅबमध्ये आपल्याला शिकवलंच आहे की. एक रीडिंग चुकलं तर एरर, सगळी रीडिंग्ज एकाच बाजूला चुकली तर इन्स्ट्रुमेंट तपासा.

त्याच शियारेलीचा एक सौदा मला अतिशय आवडतो, तोही सांगायलाच हवा. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याने लिऑन ड्रायसायटलशी आठ वर्षांचा करार केला, वर्षाला ८५ लाख डॉलर. पोरगा एकवीस वर्षांचा. बरेच जण म्हणाले, फार दिले. पण लूचिचशी तुलना करून बघा. लूचिचला पैसे दिले ते त्याने आधी केलेल्या कामाचे, ड्रायसायटलला दिले ते पुढे येणाऱ्या उमेदीच्या वर्षांचे. आणि इथे घाई नव्हती, भीक मागणं नव्हतं. २०२० मध्ये ड्रायसायटल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२४ आणि २०२५ मध्ये ऑइलर्स फायनलला गेले तेव्हा तो त्याच ८५ लाखांत खेळत होता. (निकाल सांगितला खरा, पण करार त्या दिवशीही चांगलाच होता, असं माझं मत.)

दादाला हे सगळं पटत नाही. २५ जून २०२४ ला आपल्याकडे पहाट होती, फायनलचा सातवा सामना, आम्ही फोन चालू ठेवून बघत होतो. फ्लोरिडा २-१ ने जिंकलं. बराच वेळ दादा काही बोलला नाही, मग म्हणाला, "तुझी पद्धत-बिद्धत ठेव तुझ्यापाशी. फॅनला कप हवा असतो, कारणं नाही." त्याचं बरोबर आहे, फॅन म्हणून. हरल्यावर वाईट वाटायलाच हवं. पण वाईट वाटणं वेगळं आणि निवाडा करणं वेगळं. निकालावरून माणसं काढायला लागलो, तर नशीबवान गाढवं खुर्चीत राहतील आणि कमनशिबी शहाणे घरी जातील. आणि पुढचा जीएम शिकेल काय? एवढंच, की हॉल नावाचा खेळाडू देऊ नये. उपाशीपोटी बाजारात जाऊ नये, हे शिकणारच नाही.

हे मी हॉकीपुरतं लिहीत नाहीये, हे हुशार वाचकांनी ओळखलं असेल. प्लेसमेंटचा सीझन तोंडावर आहे. दुसऱ्याच दिवशी मिळालेली पहिली ऑफर घाबरून घेतलेली मुलगी आणि विचार करून घेतलेली मुलगी, दोघी दोन वर्षांनी कुठे असतील ते कुणालाच माहीत नाही. तेव्हा तिला ‘पुढे काय झालं’ यावरून हुशार किंवा बावळट ठरवू नका. तिला काय माहीत होतं, कशाच्या बदल्यात काय घेतलं आणि भुकेल्या पोटी घेतलं का, एवढंच विचारा. स्वतःलाही तेच विचारा.

नव्या मेस कमिटीसाठी मी कोटेशन्सची फाईल करून रेक्टर मॅडमकडे ठेवली आहे, चार कंत्राटदारांची, टर्म संपायच्या दीड महिना आधी मागवलेली. जेवण कसं निघेल देव जाणे. वाईट निघालं तर शिव्या घाला, पण फाईल एकदा बघून मग घाला.

जर्सी मात्र अजूनही थोडी मोठीच होते.

— हॉल नंबर चार, टी. ई. (ई अँड टीसी)